साडभाऊंचा पहारा

माझ्या थोरल्या साडूंएवढा कट्टर नास्तिक वाशीम जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि देवळाच्या पायऱ्या त्यांच्याएवढ्या झिजवणारा माणूसही दुसरा झाला नाही. ही दोन्ही विधानं मी शपथेवर करायला तयार आहे. शपथ कुणाची घ्यायची एवढीच अडचण, कारण देवाची घेतली की ते लगेच म्हणणार, "साडभाऊ, जो हजरच नाई त्याची साक्ष कायले काढता?" आमच्याकडे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला साडभाऊ म्हणतात. ते मला म्हणायचे, मी त्यांना म्हणायचो, आणि गाव त्यांना डाक्टर म्हणायचं. आता डॉक्टर म्हणजे ढोरांचे. केनवडच्या पुढच्या फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि तुरीच्या वावरांमधून तीन किलोमीटर आत चालायचं, म्हणजे त्यांचं गाव लागतं. जन्मभर त्यांनी त्या भागातल्या गाईम्हशींची बाळंतपणं केली, बैलांचे खूर तासले, आणि या कामातून त्यांना जे तत्त्वज्ञान सापडलं ते कुणी विचारो न विचारो ऐकवलं.

"हजार गाईच्या पोटात हात घातला म्या," ते कोपरापर्यंतचा हात दाखवत म्हणायचे, "लोक म्हनतात तेहतीस कोटी हायेत अंदर. मले तर बाप्पा दर वेळेस वासरूच लागलं." एवढं बोलून ते मिशीत हसायचे. समोर एखादे कीर्तनकार बसलेले असले तर मुद्दाम मोठ्यानं बोलायचे. एकदा गावात एक बाबा ताईत वाटत आला. गर्दी झाली. साडभाऊंनी रांगेत उभं राहून ताईत घेतला, उलटसुलट पाहिला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "महाराज, हा जेवनाआधी बांधाचा का जेवनानंतर? अन् गाभनीले चालते का?" बाबानं संध्याकाळची गाडी पकडली. ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, त्या दिवशी कपाळाला हात लावला. त्या बिचाऱ्या सगळे उपास-तापास करणाऱ्या, आणि नवरा असा! देवघरात त्या पूजेला बसल्या की हे शेजारी बसून पेपर वाचायचे आणि आरतीला टाळ्या मात्र ठेक्यात वाजवायचे. विचारलं तर म्हणायचे, "टाळ्यानं रक्त फिरते."

आणि असा हा माणूस रोज पहाटे काकड आरतीला देवळात हजर! आत नाही हं, बाहेर. चपलांपाशी. गाभाऱ्याकडे पाठ करून ते तिथं उभे राहायचे आणि चपला मोजायचे. खुरांवरून जनावर ओळखण्यात हयात गेलेली, तेव्हा चपलेवरून माणूस ओळखणं त्यांना काय जड? कुणाची टाच कुठल्या बाजूनं झिजली, कुणाच्या अंगठ्याला खिळा मारलाय, सगळं पाठ. एका पहाटे कौसाबाईची सेफ्टी पिन लावलेली चप्पल दिसली नाही. आत आरती चालू, सगळं गाव डोळे मिटून देवाला आळवतंय, आणि हे तरातरा कौसाबाईच्या घरी. म्हातारी न्हाणीत पडलेली, उठता येईना, ओरडायला आवाज निघेना. यांनी उचललं, टेम्पो बोलावला, रिसोडला नेलं. म्हातारी शुद्धीवर येऊन म्हणते, "देवानंच धाडलं रे बाप्पा तुले!" त्यावर आमचे साडभाऊ म्हणजे साडभाऊच. म्हणाले, "देव आरतीत होता मावशे. मले तुह्या चपलीनं धाडलं." आता आजारी बाईपुढे असं बोलावं का? पण बोलले.

त्यांचा खरा सण म्हणजे सप्ताह. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. दिवसा-रात्री कुणी ना कुणी ती गळ्यात घालून देवापुढे उभा राहतो, नाव घेत तार छेडतो, आणि दोन तासांनी दुसरा येऊन ती घेतो. याला पहारा म्हणतात. देतानाघेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, मग तो बाप असो की लेक. या पहाऱ्याची यादी साडभाऊ करायचे. गावात कुणाची हिंमत नव्हती दुसऱ्याकडून करून घ्यायची. ढोरांच्या लसीकरणाचा तक्ता असतो तसा आडव्या-उभ्या रेघा मारलेला मोठा कागद, त्यात वार, वेळ, नाव. ज्यांची भक्ती फार उतू जायची, जे चौकात छाती पुढे काढून "आपलं तर सगळं माउलीवर" म्हणायचे, त्यांना हमखास रात्री दोन ते चारची पाळी. स्वतःची पाळी दहा ते बाराची, दिवसा. "नास्तिकाले झोप लागते," हे त्यावरचं स्पष्टीकरण. यादीतून मेलेल्या माणसाचं नावही ते खोडायचे नाहीत. मी एकदा विचारलं, तर माझ्यावरच खेकसले, "खोडलं तं त्याच्या घरच्याले आपली पाळी कोनती ते कसं समजन?"

आणि त्या यादीतली त्यांची खोडी काय सांगू! शालिकराम आणि तुळशीराम हे सख्खे भाऊ. बांधावरच्या एका निंबाच्या झाडापायी तीन वर्षं बोलणं बंद, कोर्टात तारखा चालू. साडभाऊंनी थोरल्याला लावलं आठ ते दहाला आणि त्याच्यानंतर कोण, तर म्हणे दहाला, स्वतःच्या पाळीवर, त्या दिवशी धाकटा. दहा वाजले. थोरल्याच्या गळ्यात वीणा, खाली ठेवता येत नाही. धाकटा समोर उभा, घेतल्याशिवाय जाता येत नाही. दोघं पाच मिनिटं एकमेकांच्या पायांकडं असे पाहत राहिले की जणू तिथं साप आहे. शेवटी धाकटा वाकला. मग थोरल्यालाही वाकावं लागलं. वाकता वाकता थोरला पुटपुटला, "टाच भेगाळली तुही. तेल लाव." तीन वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. झाड अजून आहे, तारखा थांबल्या. साडभाऊ मला म्हणाले, "दगडापुढं उभं केल्याबिगर हे लोक एकमेकायच्या पाया पडतात का? मंग दगड ठेवा ना तिथी. मले दगडाची अडचन नाई."

दरवर्षी सप्ताहाच्या आधी त्यांचा मला कारंजाला फोन यायचा. "साडभाऊ, तुमचं नाव लिहू का? दोन तास." आणि मी दरवर्षी नवं कारण सांगायचो. मी कॉलेजात हेडक्लार्क, कधी परीक्षा, कधी तपासणी, काहीच नसलं तर कंबर. मी धड आस्तिक नाही आणि धड नास्तिकही नाही. मी महाप्रसादाच्या दिवशी पोचणारा माणूस. आलू-वांग्याची भाजी, पोळी, वर बुंदी, ते हाणायचं, दोन डुलक्या काढायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. ते पंगतीत वाढताना माझ्या पानात बुंदी जरा जोरातच टाकायचे. तेवढाच काय तो राग.

मग एका वर्षी ताईंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. एकुलता एक पोरगा बेंगलोरला नोकरीत. तो आला, आठ दिवस राहिला, रजा संपली, रडत रडत गेला. वाशीमच्या दवाखान्यात ताई महिनाभर होत्या. तिथल्या दारावर मी काय पाहिलं असेल? पहाऱ्याची यादी! तीच, देवळातली, आडव्या-उभ्या रेघांची. साडभाऊंनी ती भिंतीवरून काढून आणली होती आणि गाव त्याप्रमाणे येत होतं. दोन तास एकानं बसायचं, ताईंना कुशीवर वळवायचं, पाणी पाजायचं, मग दुसरा येणार. ऊसतोडीला जाणारी माणसंसुद्धा जायच्या आदल्या दिवशी आपापली पाळी करून गेली. आणि गंमत सांगतो, शालिकरामची पाळी संपून तुळशीराम आला की दोघं सवयीनं खाटेपाशी एकमेकांच्या पाया पडायचे! वीणा नाही, देव नाही, थोरला पाण्याचा तांब्या धाकट्याच्या हातात देतोय आणि दोघं वाकताहेत. नर्सबाई आधी बघत राहिल्या, मग त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "हे लोक रोज पहिल्यांदाच भेटतात का?" ताई बोलायला लागल्या, काठी धरून चालायला लागल्या. डावा हात मात्र लुळाच राहिला.

हे सगळं गावानं पाहिलं आणि गाव विसरलं. गावाला भांडायला काहीतरी लागतंच. दोन वर्षांपूर्वी ते भोंग्यावरून मिळालं. देवळावर एकच भोंगा, त्याचं तोंड खाली पाटलाच्या गल्लीकडं. वरच्या गल्लीचं म्हणणं, कीर्तनाचं सगळं पुण्य खाली जातं आणि आम्हाला मागचा खरखराट. त्यांनी भोंगा फिरवला. खालच्यांनी परत फिरवला. बैठक झाली, बैठकीत खुर्च्या उडाल्या, आणि दोन्ही गल्ल्यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं की यंदा सप्ताह करायचाच नाही. कुणाला वाईट वाटलं म्हणता? कुणाला नाही. "देव का देवळातच हाये का?" म्हणाले. "मोबाईलवर कीर्तन दिसते, घरी बसून पाहतो," म्हणाले. सगळ्या गावात झोप उडाली ती एकट्या नास्तिकाची.

मी गेलो तर ते ओट्यावर कोरी यादी मांडीवर घेऊन बसले होते. चेहरा उतरलेला. मी समजूत काढायला म्हटलं, "जाऊ द्या ना साडभाऊ. तुम्ही तर देव मानत नाही. तुमचं काय अडलं?" ते माझ्यावर असे उखडले की ओट्याखालची कोंबडी पळाली. "माह्यं काय अडलं? मी बाहात्तर वर्साचा हावो. उद्या मी गेलो तं हिच्यापाशी कोन बसन? पोरगं तिकडे. तुमी कारंजाले. देव येऊन बसन का? बसन तं सांगा, आत्ता अगरबत्ती लावतो!" मग आवाज खाली आला. आत ताई होत्या, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "साडभाऊ, मानूस मानसाच्या घरी उगाच जात नाई. त्याले सवय लागते. थे सवय त्या सात दिवसांत लागते. एक साल तुटली का दुसऱ्या साली कोनाले कोनाची पाळी आठवत नाई."  

मग ते घरोघर फिरले. मी सोबत होतो, म्हणून सांगतो, असा देखावा पुन्हा होणे नाही. कपाळावर बोटभर गंध लावलेली माणसं सप्ताहाला नको म्हणताहेत आणि हा देव न मानणारा म्हातारा त्यांना हात जोडून म्हणतोय, "अरे, देवासाठी तरी करा!" एका घरी तर घरमालक म्हणाला, "डाक्टर, तुमाले थोडी तरी श्रद्धा असती तं समजलं असतं, भक्तीत जबरदस्ती नसते." साडभाऊ बाहेर आले आणि रस्त्यावरच्या दगडाला लाथ मारली. अंगठा सुजला.

सप्ताहाचा ठरलेला दिवस आला. सकाळी आठला मी त्यांच्याच ओट्यावर चहा घेत होतो, तर भोंगा खरखरला. वीणेच्या कपाटाची किल्ली गुरवाकडं होती, पण गुरवाच्या म्हशीची तीन बाळंतपणं साडभाऊंनी केलेली, त्यामुळे किल्ली मागायला वेळ लागला नाही. मी धावत गेलो. भोंग्याचं तोंड यांनी दोन्ही गल्ल्या सोडून सरळ आभाळाकडं केलं होतं. स्वतः देवापुढे उभे, नेहमीप्रमाणे देवाकडं पाठ करून, गळ्यात वीणा, समोर माईक. आता पहाऱ्याला उभ्या माणसानं नाव घ्यायचं असतं. पण हे देवाचं कसं घेणार? हे यादी वाचत होते. तार छेडायची आणि एक नाव घ्यायचं. "शालिकराम." टुण्ण. "तुळशीराम." टुण्ण. "कौसाबाई." यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून. साऱ्या गावावर आभाळातून आपलीच नावं पडायला लागली.

नऊ वाजले, दहा वाजले. माणसं चौकात जमली, पण देवळाची पायरी चढेना कुणी, कारण आधी कुठल्या गल्लीनं चढायचं? शिवाय नवा वाद निघाला, नास्तिकानं उचललेला पहारा देवाला पोचतो का. एक जाणते म्हणाले, "त्यानं देवाचं नाव कुठी घेतलं?" दुसरे म्हणाले, "घेतलं ना. शालिकराम म्हनलं, तुळशीराम म्हनलं, विठ्ठल म्हनलं, गजानन म्हनलं. अर्धी यादी देवाचीच हाये." यावर तासभर चर्चा! इकडे साडभाऊ सुजलेल्या अंगठ्यानं, दुखऱ्या गुडघ्यांनी आठपासून उभे. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. त्यांनी पाणी पिऊन माईकवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "घेता का साडभाऊ?" मी म्हणालो, "माझी कंबर..." त्यांनी पुढं ऐकलंच नाही. तार छेडली आणि पुढचं नाव घेतलं. ते पुढचं नाव होतं पुंजाजी. पुंजाजी चार वर्षांपूर्वी वारलेले. चौकात त्यांचा पोरगा उभा होता, त्यानं मान खाली घातली. मग अजून एक गेलेलं नाव आलं, मग अजून एक. चौकातली चर्चा थांबली. कुणाचा बाप, कुणाची माय, सगळ्यांना हाका जात होत्या.

बारा वाजता गर्दी दुभंगली आणि काठी टेकत ताई आल्या. एकट्या, घरापासून. पायऱ्या चढल्या. नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या आणि चांगला हात पुढे केला. "द्या."

"तुह्यानं पेलन नाई," साडभाऊ म्हणाले. माईक चालू होता, साऱ्या गावानं ऐकलं.

"द्या म्हनलं ना. बारा वाजले. पाळी बदलते."

त्यांनी वीणा उतरवून ताईंच्या गळ्यात घातली, आणि मग, रीतच ती, हा बाहात्तर वर्षांचा नास्तिक सगळ्या गावादेखत बायकोच्या पाया पडला. ताईंना वाकता येईना. त्यांनी उजवा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. मी रडलो, सरळ सांगतो. दोन मिनिटांत तुळशीराम आणि शालिकराम पायरी चढताना एकमेकांना धक्के देत होते, आणि त्यांच्यामागं दोन्ही गल्ल्या. सप्ताह झाला. बुंदी नेहमीपेक्षा जास्त झाली. भोंगा अजूनही आभाळाकडंच आहे.

मागच्या पोळ्याआधी साडभाऊ गेले. झोपेत गेले, कुणाची एक पाळीसुद्धा न घेता. वहीत लिहून ठेवलं होतं की दहावं, तेरावं, काही करायचं नाही, आणि त्याखाली रेघ मारून, "मेलेलं जनावर उठत नाही हे मी स्वतः पाहिलेलं आहे." गावानं त्यांचं ऐकलं. जनरीतीचं काहीसुद्धा केलं नाही. मला मात्र ते फार लागलं, एवढा माणूस आणि साधा पिंडही नाही. परगावच्या माणसाला दुसरं काय दिसणार?

महिनाभरानं मी ताईंना भेटायला गेलो. सकाळची गाडी, पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. ताई ओसरीत खाटेवर, समोर साडभाऊंची लाकडी खुर्ची रिकामी. मी तिच्यात टेकलो, चौकश्या केल्या, भुईमुगाच्या शेंगा सोलून दिल्या. मग भिंतीकडं लक्ष गेलं. यादी! आडव्या-उभ्या रेघा, अक्षर तुळशीरामचं, वाकडंतिकडं. सकाळी आठ ते दहा शालिकराम. बारा ते दोन तुळशीराम. पुढे कौसाबाईची सून, पुंजाजीचा पोरगा, वरची गल्ली, खालची गल्ली. दहा ते बाराच्या रकान्यात लिहिलं होतं, डाक्टर.

"हे खोडायचं राहिलं का ताई?" मी विचारलं.

"खोडत नसतात," ताई म्हणाल्या. "थे त्यायची पाळी हाये."

"मग या वेळात कोण येतं?"

"कोनी नाई. मी एकलीच राह्यतो. बसतात म्हना ते खुर्चीत." आणि पदरानं डोळे पुसत हसल्या.

मी गडबडून खुर्चीतून उठायला लागलो. ताईंनी चांगल्या हातानं खूण केली, बसा. मी बसलो. शेंगा सोलत राहिलो. ताई पोराचं सांगत होत्या, सुनेचं सांगत होत्या, मला अर्धं ऐकू येत होतं. बारा वाजता तुळशीराम आला, दारात चपला काढल्या, सरळ खुर्चीपाशी येऊन माझ्या पायाला हात लावला आणि माझ्याकडं पाहत तसाच थांबला. कंबर दुखत होती, खरंच दुखत होती. मी उठलो आणि त्याच्या पाया पडलो.